बिनभिंतीच्या खोल्या

भिंगारची बाजारपेठ ओलांडून सरकारी क्वार्टर्सच्या गल्लीत शिरायचं म्हटलं, की रविवारी सकाळी सायकलवरून उतरावंच लागे. गल्लीच्या मधोमध भीमराज भिंगारदिवे उकिडवे बसलेले असत आणि त्यांच्यापुढं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखलेला मोठा चौकोन असे. त्या चौकोनावरून कुणी चाक घातलंच, तर समोरच्या दारातून भागूबाई असं काही तोंडसुख घेत, की तो माणूस पुढचे दोन रविवार दुसऱ्या गल्लीनं जाई.

चौकोनात आडवी सहा घरं, उभी सहा घरं. काही घरांत कौलाच्या तुकड्यांवर रंगवलेले अंक ठेवलेले. बाकी सगळं मोकळं. बाजूला तुराट्यांची एक जुडी आणि उरलेल्या अंकांची टोपली. नियम सांगायला भीमराजना फार वेळ लागत नसे. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत एक ते सहा हे अंक एकेकदाच आले पाहिजेत. शिवाय त्या चौकोनात सहा खोल्या दडलेल्या आहेत. प्रत्येक खोली सहा घरांची, घराला घर लागून, आणि तिच्यातही एक ते सहा एकेकदाच. पण खोल्या कुठून कुठपर्यंत आहेत ते कुणी सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं शोधायचं आणि तुराट्या ठेवून भिंती घालायच्या.

भिंतींचं एवढं वेड या माणसाला असणं साहजिक होतं. लष्कराच्या बांधकाम खात्यात त्यांचा जन्म गेला तो आखणीत. इमारत उभी राहायच्या आधी दोरी ताणायची, दोरीच्या कडेनं चुन्याची पूड सोडायची, मग त्या पांढऱ्या रेघेवर मजुरांनी पाया खणायचा. त्यांची एक खोड खात्यात प्रसिद्ध होती. नकाशात कुठं शंका आली, तर ते अंदाजानं रेघ मारत नसत. तेवढी जागा कोरी सोडत आणि तिथंच गप्प उभे राहत. साहेब फिरत फिरत आला, की कोरी जागा बघून त्यालाच थांबून नकाशा उलगडावा लागे.

कोड्याचं खूळ शिरलं ते रद्दीतून. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला एका साहेबाची बदली झाली, त्याच्या बंगल्यावरची रद्दी बाजारात आली आणि तिच्यात अंकांच्या कोड्यांचं एक परदेशी मासिक निघालं. भीमराजना इंग्रजी जेमतेम येई, पण अंकांना भाषा लागत नाही. त्यांनी ती कोडी पटापट उलगडली आणि वैतागले.

“आयत्या भिंती दिल्यात ह्यानं,” ते बायकोला, गीताबाईंना म्हणाले. “आयत्या घरात काय, कुनीबी ऱ्हाईल. भिंती आपन घालायच्या, तवा मजा हाय.”

गीताबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “आपल्या घराच्या भिंती सरकारच्या हायेत. ह्या तरी सोताच्या घाला.”

मग भीमराजनी मासिकातल्या भिंती पुसल्या आणि स्वतःची कोडी रचायला घेतली. सुरुवातीला फजितीच झाली. एकदा चहाची पैज लावून भागूबाईंनी एक उत्तर काढलं आणि शेजारच्या बाईनं दुसरंच. दोन्ही नियमात बसत होती. भागूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “भाऊ, माजंबी खरं आन् हिचंबी खरं. आता च्या कुनी पाजायचा?” भीमराज एवढे शरमले, की पायानं सगळी फक्की पुसून घरात गेले. दोन उत्तरं निघाली म्हणजे चूक कोडं घालणाऱ्याची, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यानंतर त्यांच्या कोड्याला कधी दोन उत्तरं निघाली नाहीत.

त्यांची मुलगी दीपा तेव्हा अकरावीत होती. एका रविवारी बाबांनी इतके थोडे अंक मांडले, की तिला वाटलं, आज म्हातारबुवा चुकले. एवढ्याशा सुगाव्यावरून काही कळणं शक्यच नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या घराच्या उजवीकडं भिंतीचा एक तुकडा तेवढा दिला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं, की उजवीकडं भिंत आहे तर या घराला खालीच वाट आहे. खालच्या घराला लागून, एकमेकांना तिरपे, दोन चौके, म्हणजे चाराचे दोन अंक होते. एका खोलीत दोन चौके राहू शकत नाहीत, म्हणजे त्यांच्यामधून भिंत गेलीच पाहिजे. तिनं तुराटी ठेवली. ती ठेवल्याबरोबर पुढची भिंत कुठं आहे ते दिसलं, आणि तिच्यापुढची, आणि बघता बघता एक अख्खी खोली तिच्यासमोर उभी राहिली. कुणी दाखवली नव्हती, पण ती तिथं आधीपासूनच होती. दीपाच्या अंगावर काटा आला. तिनं वर बाबांकडे पाहिलं, तर ते विडी विझवत होते आणि दुसरीकडंच बघत होते. आपला बाप फार मोठा माणूस आहे आणि हे गल्लीत कुणाला माहीत नाही, असं तिला त्या दिवशी वाटलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

शहाण्णव साली भीमराज कामावरच कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी मुलाला, प्रवीणला बाजूला घेऊन सांगितलं, की मेंदूला जबर धक्का बसलाय, आपण काय बोलतो ते त्यांच्यापर्यंत पोचत असेल असं वाटत नाही, फार आशा धरू नका. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

पण घरात त्या वाक्याचा भलताच परिणाम झाला. भीमराज बाजेवर पडून असत आणि माणसं त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलत. ‘जयभीम’ करून पाहुणे येत, गीताबाईंशी बोलत, चहा पीत आणि बाजेकडं बघून मान हलवत निघून जात. एकानं तर तिथंच उभं राहून सांगितलं, की ह्यापेक्षा सुटला असता तर बरं झालं असतं. दीपा त्या वेळी बाबांना मऊ भात भरवत होती. बाबांचे डोळे छपराला लागलेले होते. त्यांनी घास गिळला की नाही, हेसुद्धा तिला नीट कळलं नाही.

आता क्वार्टर सोडायची वेळ आली. भीमराजना प्रकृतीच्या कारणानं निवृत्त केलं होतं आणि सरकारी घर रिकामं करून देणं भागच होतं. थोरला प्रवीण पिंपरीत कंपनीत होता. त्याची एकच खोली, तीही तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला. बायकोचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. त्यानं खूप विचार करून वाटणी केली. आईनं पिंपरीला यायचं, कारण सूनबाईला बाई माणूस लागणार. दीपाची नोकरी भिंगारच्या बालवाडीत, तिनं लग्न होईपर्यंत मैत्रिणीकडं राहायचं. आणि बाबांना श्रीगोंद्याकडं पुष्पावती आत्याकडं ठेवायचं. आत्या जीव लावणारी होती. “माजा भाऊ मला जड न्हाई, पडवीत बाज टाकते,” असा तिनं निरोपही धाडला होता.

हे सगळं प्रवीणनं बाबांच्या बाजेवर बसूनच सांगितलं. दीपा उसळली.

“दादा, त्यांना एकटं पाठवायचं? आईशिवाय?”

“एकटं कसं? आत्या आहे ना.” प्रवीण म्हणाला. “दीपा, मला बरं वाटतंय का हे? पण त्यांना काय कळतंय? इथं काय आणि तिथं काय. त्यांना आई कोण आणि आत्या कोण, हे तरी कळतंय का?”

“आणि कळत असलं तर?”

“तर मी मरेन पण पाठवणार नाही. पण कळत नाही. रविवारी टेम्पो सांगितलाय.”

गीताबाई चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी एक लाकूड आत सारलं.

म्हणजे सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. बाबा आत आहेत की नाहीत. असले तर त्यांना परक्या पडवीत टाकून यायचं पाप कुणी करणार नव्हतं. नसले तर प्रवीणचं म्हणणं रास्त होतं, आणि ते रास्त आहे हे दीपालाही आतून कळत होतं, म्हणून तर तिला रडू येत होतं. बाबांना बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. ‘कळतंय का?’ म्हणून विचारलं तर कधी मान हले, कधी हलत नसे, आणि ती हलली की नुसती कलली, यावरून बहीणभावात भांडणं होत. मग तिला बाबांची एकच भाषा आठवली.

कोडी तिनं पुष्कळ सोडवली होती, रचलं एकही नव्हतं. बालवाडीतली पोरं घरी गेली, की ती पाटी घेऊन बसे. आधी खोल्या पाडायच्या, अंक भरायचे, मग एकेक अंक काढत जायचं, एकेक भिंत पुसत जायची. आता रचायला बसल्यावर तिला कळलं, की बाबा दर रविवारी केवढं काम करत होते. सोडवणाऱ्याला एक वाट शोधायची असते. रचणाऱ्याला बाकीच्या सगळ्या वाटा बंद कराव्या लागतात, आणि त्या सगळ्या डोक्यात धराव्या लागतात. तिचं डोकं दुखायला लागलं. तरी तिनं कोडं पुरं केलं.

रविवार उजाडला. टेम्पो दुपारी येणार होता. दीपानं पहाटेच गल्ली झाडली, पाणी शिंपडलं, उरलेल्या फक्कीनं चौकोन आखला. तिची रेघ वाकडीतिकडी आली. बाज बाहेर आणून बाबांना उशीला टेकून बसवलं आणि डाव्या हातात एक काठी दिली. कितीतरी महिन्यांनी गल्लीत फक्की दिसली म्हणून भागूबाई धावत आल्या, आणि त्यांच्यामागून अर्धी गल्ली.

प्रवीण दारात उभा होता. “दीपा, कशाला लोकांपुढं त्यांची शोभा?”

ती चौकोनाशेजारी बसली. “बाबा, कोडं आहे. मी घातलंय.”

भीमराज छपराकडं बघायचे तसेच समोर बघत होते. बराच वेळ काही झालं नाही. कुणीतरी खोकलं. भागूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग काठी उचलली गेली. ती थरथरत होती, पण तिचं टोक बरोबर दोन घरांच्या मधल्या रेघेवर टेकलं. दीपानं तिथं तुराटी ठेवली. काठी उचलली, पुढं गेली, टेकली. पुन्हा तुराटी.

“आगं बया,” भागूबाई म्हणाल्या.

एक खोली झाली. काठी टोपलीकडं आली, दोनच्या अंकावर थांबली, मग एका घरात जाऊन थांबली. दीपानं दोन ठेवला. तो बरोबर होता. बाबांचा उजवा गाल लोंबत होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि त्या पडक्या चेहऱ्याच्या आत बसून कुणीतरी एकेक वाट तपासून बंद करत चाललं होतं. सायकलवरून आलेला एक माणूस न सांगता उतरला आणि सायकल धरून उभा राहिला.

सगळ्या भिंती उभ्या राहिल्या. घरं भरत आली. शेवटी चारच उरली, दोन वर, दोन त्यांच्या खाली. टोपलीत तिनाचे दोन आणि पाचाचे दोन तुकडे. आता काय, पोरखेळच होता.

पण काठी थांबली. भीमराजनी ती त्या चार घरांवर आडवी टाकली आणि हात मांडीवर घेतला.

“बाबा, झालंच की,” दीपा म्हणाली. “एवढं भरा ना.”

तिनं पाचचा तुकडा उचलला, जिथं तो जायचा होता त्या घराजवळ धरला. “इथं ना? पाच?” भीमराजनी डाव्या हातानं तिचा हात बाजूला लोटला. तिनं पुन्हा धरला. त्यांनी पुन्हा लोटला, या वेळी जोरात, आणि घशातून एक आवाज काढला.

प्रवीण पुढं आला. त्याचे डोळे भरलेले होते, तरी तो बोललाच. “बघितलंस? उत्तर तुला माहीत आहे, दीपा. त्यांची काठी हलते आणि तुझा हात जिथं जायचा तिथं जातो. तू मुद्दाम करत नाहीस, मला माहीत आहे. पण आता तू स्वतः उत्तर सांगतेयस, तरी त्यांना ते कळत नाही. चार घरं. बालवाडीतल्या पोरानं भरली असती.”

दीपाला पुढचं दिसेना. तिनं नाक पुसलं. निदान पुरं तरी करावं म्हणून काठी बाबांच्या हाताशी ठेवून ती ते चार तुकडे स्वतःच ठेवायला लागली. रडताना तिला अंकही धड दिसत नव्हते. वर तीन-पाच ठेवले, खाली पाच-तीन. मग लक्षात आलं, की आपण उलटं ठेवलं, वर पाच-तीन हवे होते. ती तुकडे उचलायला गेली आणि तिचा हात वरच्या वर राहिला.

उलटं ठेवलं होतं, तरी बसलं होतं. तिनं ओळी तपासल्या. रांगा तपासल्या. वरची दोन घरं एका खोलीत, खालची दोन दुसऱ्या. तीन-पाच, पाच-तीन. उलट, सुलट. दोन्ही खरं. तिच्या कोड्याला दोन उत्तरं होती. रचताना तिच्या मनात एकच उत्तर होतं, त्यामुळं दुसरं तिला दिसलंच नव्हतं.

तिनं मान वर केली. बाबा तिच्याकडेच बघत होते. छपराकडं नाही, समोर नाही, थेट तिच्याकडं, आणि तिला ते कळेपर्यंत थांबलेल्या माणसासारखे. त्यांनी काठी उचलली, वरच्या दुसऱ्या घरातल्या पाचवर टेकवली, मग वरच्या पहिल्या घरावर टेकवली, मग फक्कीच्या त्या वाकड्या रेघेवर दोनदा आपटली. इथं एक पाच आधीच द्यायला हवा होता, बाई.

“दादा,” दीपा म्हणाली. “दादा, कोडं चुकलंय. माझं चुकलंय. हे दोन्ही प्रकारे बसतं, बघ, तूच ठेवून बघ. म्हणून ते भरत नव्हते. हे मला माहीत नव्हतं, दादा. मी कसं सांगेन त्यांना? मलाच माहीत नव्हतं!”

प्रवीण खाली बसला. त्यानं तुकडे एकदा असे ठेवले, एकदा तसे ठेवले. बोटानं ओळी मोजल्या. पुन्हा बदलून बघितले. गल्लीतल्या बायका वाकून बघत होत्या. भागूबाईंना कोडं सोडवायचा सराव होता, त्यांना लगेच समजलं, आणि बोलायला कधी न थकणाऱ्या त्या बाईनं बाजेसमोर नुसते हात जोडले.

दीपाला त्या क्षणी आनंद झाला का, हे तिला पुढं कधी धड सांगता आलं नाही. तिला आधी धाक वाटला. एवढे महिने या माणसानं छपराखाली पडून सगळं ऐकलं होतं. सुटला असता तर बरं, हे ऐकलं होतं. पडवीत बाज टाकते, हे ऐकलं होतं. ऐकत असताना त्याचं डोकं तसंच लख्ख होतं, आणि ते कुणाला सांगायला त्याच्यापाशी काही साधन नव्हतं. एवढं सहन करून आज तो मुलीच्या कोड्यातली चूक काढून बसला होता, आणि अंदाजानं एक अंक टाकून सुटका करून घ्यायला तयार नव्हता.

प्रवीण गुडघ्यांवर सरकत बाजेपर्यंत गेला. बापाचा निकामी उजवा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

“बाबा, मी आत्याकडचं बोललो ते सगळं... तुम्ही ऐकलं?”

भीमराजनी मान हलवली. या वेळी ती कलली की हलली, असा वाद घालायला जागाच नव्हती.

प्रवीणनं कपाळ बाजेच्या कडेवर टेकलं. तो रडला, चांगला हमसून रडला, आणि गल्लीनं त्याला रडू दिलं. मग त्यानं तोंड पुसलं आणि भिंगारदिव्यांच्या घरात इतक्या महिन्यांत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

“बाबा, तुम्हाला कुठं राहायचंय? तुम्ही सांगाल तसं करू.”

भीमराजनी त्याच्याकडं बघितलं. मग काठी उचलली. ती रस्त्याकडं वळली नाही. ती हळूहळू फिरत दाराकडं गेली आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या गीताबाईंवर येऊन थांबली.

प्रवीणला आधी कळेना. दीपाला कळलं. वाटणीत आईला पिंपरी आली होती, पण आईला विचारलं कुणी होतं? प्रवीणनं नाही, आणि बाबांसाठी एवढी भांडली तरी तिनंही नाही.

“आई,” ती म्हणाली, “बाबा म्हणतायत, तुला विचारा.”

गीताबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. एवढी माणसं आपल्याकडं बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

“मला?” त्या म्हणाल्या. “मला काय इचारायचं?”

काठी तशीच त्यांच्यावर रोखलेली राहिली. ती थरथरत होती, दमली होती, पण खाली येत नव्हती. गीताबाई उंबरा उतरल्या, बाजेपाशी आल्या, नवऱ्याच्या ओठाची लाळ पदरानं पुसली आणि ती काठी हलकेच त्यांच्या हातातून काढून घेतली.

“मला ह्यांच्याजवळ ऱ्हायचंय,” त्या प्रवीणला म्हणाल्या. “हितंच भिंगारात एक खोली बघ, भाड्याची. दीपीबी आमच्यातच ऱ्हाईल. सूनबाईला बाळंतपनाला हिकडंच आन, मी करते तिचं समदं. आन् ह्यांना रोज कुनीतरी कायतरी इचारत जा रं.”